खैरडोहची नारळाची गरज

मार्तंडराव साल्पेकरांनी जेवताना दुसऱ्यांदा वरण मागितलं नाही, की ऑफिसात बदलीचा विषय निघाला आहे हे उत्तराताई ओळखत. त्या दिवशी तर त्यांनी पहिल्यांदा वाढलेलं वरणही अर्धं ठेवलं.

"सिरोंचा?" उत्तराताईंनी विचारलं.

"अजून नाही. पण वझलवार साहेबांनी आज नकाशाच्या पार टोकाला सिरोंच्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं."

मार्तंडराव शेती खात्यात विस्तार अधिकारी होते. शेतीचा विस्तार किती झाला हे खात्यालाच ठाऊक, पण साल्पेकरांचा संसार मात्र लग्नापासून चहू दिशांना पसरला होता. उत्तराताई नागपुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि नवरा आज देवरीला, उद्या अहेरीला, परवा मेहकरला. चारुशीला लहान होती तेव्हा शनिवारी बाबा घरी आले की ती दार उघडायची आणि आत ओरडून सांगायची, "आई, पाहुणे आले." ते ऐकून मार्तंडराव हसायचे, पण चप्पल काढायला त्यांना उगाच वेळ लागायचा.

आता कुठे ते नागपूरला मुख्यालयात आले होते. घरात त्यांच्या टोपीला स्वतःची खुंटी मिळाली होती. चारूला ते रोज गणित शिकवत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ती ते चुकवून येई, तरी बापलेकीची शिकवणी बंद पडली नव्हती. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून आत शिरताना "किती दिवस आहात?" असं त्यांना कोणी विचारत नव्हतं. एवढ्या सुखावर खात्याचा डोळा जायचाच होता.

झालं होतं असं, की सहसंचालक गिरिधर वझलवार हैदराबादला एक शिबिर करून आले होते. साहेब तसे सज्जन, पण शिबिराहून परतले की महिनाभर त्यांच्याजवळ फिरकण्यात अर्थ नसे. मागच्या शिबिरानंतर त्यांनी सगळ्या ऑफिसला गोल करून जमिनीवर बसवलं होतं. या वेळी ते "गरज" घेऊन आले होते.

"साल्पेकर," ते म्हणाले होते, "आजवर आपण शेतकऱ्यांना जे शिकवलं, ते आपल्या मनाचं. तुम्हाला काय शिकायचंय, असं कोणी त्यांना विचारलं? प्रत्येक अधिकाऱ्यानं एक गाव घ्यायचं आणि त्या गावाची प्रशिक्षणाची गरज ओळखून आणायची. पण ती लोकांच्या तोंडून आली पाहिजे. तुम्ही एक शब्दही सुचवायचा नाही. सुचवलेली गरज ही गरजच नव्हे."

आणि मग, ज्याला साधी गरजसुद्धा ओळखता येत नाही त्याची मुख्यालयाला गरज नाही, असं म्हणून त्यांनी ते नकाशावरचं बोट ठेवलं होतं.

मार्तंडरावांच्या वाट्याला आलं खैरडोह. सावनेरच्या पुढे, संत्र्यांच्या बागांत लपलेलं गाव. मारुतीच्या देवळात सभा भरली. पुढे सरपंच गोपाळराव मोवाडे, त्यांच्या शेजारी गावातले वडीलधारे नानाजी, मागे बाकीची पुरुष मंडळी आणि खांबाच्या पलीकडे बाया. मार्तंडरावांनी घसा साफ केला आणि विचारलं, "तर मंडळी, तुम्हाला काय शिकायची गरज वाटते?"

देवळातल्या घंटेशी एक चिमणी तेवढी खेळत होती.

"तुमीच सांगा जी," शेवटी गोपाळराव म्हणाले. "तुमी सायेब लोक. आमी का सांगाव?"

"नाही, नाही. मी काही सांगायचं नाही असा नियम आहे."

"मंग तुमी कायले आले जी?" नानाजींनी अगदी मनापासून विचारलं.

मार्तंडरावांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. खैरडोहच्या लोकांना ते समजलं नव्हतं असं नाही. अडचण निराळीच होती. दारी आलेल्या पाहुण्याजवळ काही मागणं हे त्या गावात हलकेपणाचं समजत. पाहुण्याला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. त्यामुळे गरज विचारली की गाव आपल्याकडे काय काय आहे तेच सांगू लागे. विहिरीला पाणी हाये जी. संत्रा यंदा चांगला हाये जी. खत मिळते जी. कोणीतरी मार्तंडरावांच्या पुढ्यात संत्र्यांनी भरलेली पिशवीही आणून ठेवली. आपण ही पिशवी घेऊन सिरोंच्याच्या गाडीत बसलो आहोत, असं त्यांना दिसू लागलं.

"बरं, मी काही सुचवत नाही," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "नुसत्या गप्पा म्हणून सांगतो. लोक काय काय शिकतात. कोणी मधमाश्या पाळायला शिकतात, त्यांना महाबळेश्वरला नेतात. कोणी रेशीम शिकतात, त्यांना म्हैसूरकडे नेतात. कोणी नारळाची लागवड शिकतात, त्यांना कोकणात समुद्रकाठी..."

"समुद्राच्या किती काठी जी?"

खांबाआडून प्रश्न आला होता. विचारणाऱ्या होत्या सिंधूताई. गावच्या भजनी मंडळाच्या त्या प्रमुख. टाळ हातात असो की नसो, त्यांनी ठरवलेल्या तालावर गाव चालत असे.

"म्हणजे?" मार्तंडरावांनी विचारलं.

"शिकता शिकता दिसते का समुद्र?"

"दिसतो. खिडकीतून दिसतो म्हणतात."

सिंधूताईंनी पदर सारखा केला आणि शेजारी बसलेल्या शोभाताईंकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्याला इतिहास होता. शोभाताई एकदा यात्रेच्या गाडीतून रामेश्वरला जाऊन आल्या होत्या. त्यांच्याशिवाय गावात समुद्र कोणीच पाहिला नव्हता, आणि हे त्या कोणाला विसरू देत नसत. नाल्याला पूर आला की त्या म्हणत, रामेश्वरले तं याच्याहून मोठ्या लाटा. भाजीत मीठ जास्त पडलं की म्हणत, रामेश्वरचं पानी असंच. एका बारशाला पाळण्याची दोरी ओढतानाही त्यांना रामेश्वरची होडी आठवली होती. सिंधूताई हे सगळं वर्षानुवर्षं मूग गिळून ऐकत आल्या होत्या.

"सायेबाले चहा द्या गा," सिंधूताई म्हणाल्या. "आमी जरासं बोलून येतो."

सगळं गाव देवळामागे गेलं. मार्तंडराव चहा पिऊन बशी चाटायच्या बेतात आले तेव्हा मंडळी परत आली. गोपाळरावांचा चेहरा लग्नाची बोलणी पक्की करून आल्यासारखा गंभीर होता.

"आमची गरज निघाली जी," ते म्हणाले. "नारळ."

"नारळ? इथं?"

"तुमी तं सुचवलं नाई ना जी?" सिंधूताईंनी विचारलं.

"मी कशाला सुचवू?"

"मंग आमच्याच तोंडून आलं ना? मंग लिहा."

"अहो, पण का हवा ते तरी लिहावं लागेल."

याचीही तयारी झालेली होती. नानाजी म्हणाले, "आमच्या गावात देव लय हायेत जी, अन् नारळ सारे बाहेरचे. सावनेरच्या बाजारातून आणाव, अन् देवापुढं फोडला का आत सडका. देव का म्हणत असन? म्हून गावचा नारळ पाह्यजे." सगळ्यांनी माना हलवल्या. गरज लोकांच्या तोंडून आली होती, एका सुरात आली होती, आणि मार्तंडरावांना ती लिहून घेण्यापलीकडे काही करता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात मान खाली घालून वझलवार साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. मग ते खुर्चीतून उठले. मार्तंडरावांनी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

"साल्पेकर," साहेब म्हणाले, "बाकीच्या सगळ्यांनी काय आणलंय माहीत आहे? संत्रा, कापूस, खतं, फवारणी. म्हणजे सगळ्यांनी गुपचूप सुचवलं. पण नारळ? सावनेर तालुक्यात नारळ? हे जगातला कोणताही अधिकारी सुचवू शकत नाही. म्हणून ही गरज अस्सल आहे. मी स्वतः त्या गावाला येणार."

जिवात आलेला जीव मार्तंडरावांना शेवटच्या वाक्यासरशी पुन्हा परत करावा लागला. साहेब गावात येणार, गावात नारळाचं पानसुद्धा नाही, आणि कोणीतरी भोळेपणानं समुद्राचं बोलून जाणार. त्यांनी तातडीनं खैरडोह गाठलं.

"सिंधूताई, हात जोडतो. गरज बदला. संत्रा म्हणा. संत्र्याला डिंक्या रोग लागतो, तो घालवायला शिका."

"हे तं तुमी सुचवून राह्यले जी," सिंधूताई सुपातले गहू पाखडत म्हणाल्या. "नियमात बसत नाई."

"अहो, पण साहेब येताहेत."

"येऊ द्या ना. पण मोठे सायेब येऊन राह्यले, अन् गावात एक बी नारळाचं झाड नाई, हे बरं दिसते का? तुमी नागपूरहून रोपं आना. लावतो आमी. सायेबाले पटलं पाह्यजे का आमी जीव लावून करून राह्यलो."

कोणाच्या तरी तालावर नाचायचंच, तर साहेबापेक्षा सिंधूताई बऱ्या, असं मार्तंडरावांनी ठरवलं. नर्सरीत मिळाली तेवढी नारळाची रोपं पोत्यात बांधून ते सावनेरच्या एस.टी.त चढले.

"हे काय होय जी?" कंडक्टरनं विचारलं.

"नारळाची रोपं."

"कोठी लावता?"

"खैरडोहला."

कंडक्टरनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग खिडकीजवळ बसलेल्या एका माणसाला उठवून तो हळूच म्हणाला, "बसू दे गा त्याहिले. बरं नाई वाटून राह्यलं त्याहिले."

गावानं रोपं हौसेनं लावली. प्रत्येक आवारात एक, देवळापुढे दोन. सिंधूताईंनी पहिल्या रोपाला हळदकुंकू वाहिलं. शोभाताई म्हणाल्या की रामेश्वरले तं हे आभाळाले टेकते, आणि सिंधूताईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण साहेबांचा दौरा काही ठरेना. आज विधानसभेचं अधिवेशन, उद्या पुण्याहून वरिष्ठ, परवा जीप नादुरुस्त. तोवर नागपूरकडची थंडी आली. ती काही समुद्रकाठच्या झाडांची भीडभाड ठेवणारी नव्हती. थंडीतून जी वाचली ती नानाजींच्या शेळ्यांनी खाल्ली. महाशिवरात्रीच्या सुमारास साहेबांची तारीख आली तेव्हा खैरडोहच्या आवाराआवारांत वाळक्या काड्या उभ्या होत्या.

मार्तंडराव सकाळीच पोचले आणि दिसेल ती काडी उपटू लागले.

"राहू द्या जी," सिंधूताईंनी त्यांना थांबवलं.

"अहो, मेलीत ही सगळी."

"मेले तं मेले. लावले होते हे तं दिसते ना. खोटं काहून बोलाव?"

ज्या बाईनं समुद्रासाठी सगळं गाव नारळाला बांधलं, ती आता खऱ्याच्या गोष्टी करत होती. मार्तंडरावांनी कपाळाला हात लावला आणि तो तिथेच असताना जीपचा आवाज आला.

वझलवार साहेब एका एका काडीपाशी थांबले. एका काडीपुढे तर ते खाली बसले आणि माती हातात घेऊन त्यांनी ती बोटांतून सोडली. गाव मागे गोळा होऊन पाहत होतं. मार्तंडरावांना वाटलं, आता साहेब उठतील आणि मागे वळून एकच शब्द बोलतील, आणि त्या शब्दाच्या शेवटी चा असेल.

"सगळी रोपं मेली?" साहेबांनी विचारलं.

"हो जी," गोपाळराव म्हणाले. "जीव लावला, पण जगली नाई."

"एकही नाही?"

"एक बी नाई जी," नानाजी म्हणाले. शेळ्यांचं त्यांनी काढलं नाही.

साहेब उठले. त्यांच्या चेहऱ्यावर हैदराबादचं तेज होतं. "साल्पेकर, पाहिलंत? ही रोपं जगली असती तर याचा अर्थ काय झाला असता? की या लोकांना नारळाचं ज्ञान आहे. म्हणजे प्रशिक्षणाची गरज नाही. पण रोपं मेली. इच्छा आहे, कष्ट आहेत, फक्त ज्ञान नाही. गरज म्हणतात ती हीच. इतकी शुद्ध गरज मला हैदराबादलाही दाखवता आली नव्हती कोणाला."

खैरडोहचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. असं काही निघेल असं सिंधूताईंनाही वाटलं नव्हतं, पण चेहरा त्यांनी असा ठेवला की हे त्यांनी आधीच ठरवलेलं असावं.

"मंग आमाले कवा नेता जी, कोकणात?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला? तुम्हाला कशाला? शेतकऱ्यांच्या प्रवासाला आमच्याकडे तरतूद नाही. कर्मचाऱ्यांच्या आहे. आणि माझ्या मनात एक नवा नियम आहे. गरज ज्यानं ओळखली, त्यानंच आधी शिकायचं. मग तो इथं येऊन तुम्हाला शिकवेल, तुमच्याच मातीत." साहेबांनी मार्तंडरावांच्या पाठीवर हात ठेवला. "साल्पेकर, अभिनंदन. एक वर्ष."

मार्तंडरावांना सिरोंचा एकदम जवळ वाटू लागलं. तिथून निदान शनिवारी घरी येता आलं असतं. सिंधूताईंचं तोंडातलं पान चावायचं थांबलं होतं. त्या काही बोलायला पुढे झाल्या, पण जीप सुरू झाली होती.

घरी त्या दिवशी कोणी दुसऱ्यांदा काहीच मागितलं नाही. उत्तराताई म्हणाल्या, "एक वर्ष काय, जाईल निघून." असं त्या प्रत्येक बदलीला म्हणत, आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा कोरडा व्हायचा. चारू आता मोठी झाली होती. तिनं वातावरण हलकं करायला म्हटलं, "म्हणजे बाबा पुन्हा पाहुणे?" पण कोणी हसलं नाही, आणि मग तीच उठून आत गेली. खुंटीवरची टोपी काढताना मार्तंडरावांना रडू आलं. अधिकारी असल्यामुळे त्यांनी ते सर्दीवर घातलं.

इकडे पुण्याच्या वरिष्ठांना साहेबांचा नवा नियम भारीच आवडला. गरज ओळखेल त्यानं आधी शिकायचं, हे त्यांनी सगळ्या राज्याला लागू करून टाकलं.

कोकणात मार्तंडरावांना एका गोदामावरची खोली मिळाली. एक माणूस आडवा झाला की दुसऱ्यानं उभं राहावं एवढी. खिडकीतून समुद्र दिसायचा. पहिले दोन दिवस त्यांनी तो पाहिला, नंतर ते त्याच्याकडे पाठ करून जेवू लागले. दिवसभर नारळ. रोप लावणं, खत घालणं, आणि त्यांच्या दुर्दैवानं झाडावर चढणंही. चाळिशी उलटलेला, सायकलवरून उतरतानाही कठड्याचा आधार घेणारा माणूस दोर पायाला अडकवून अर्ध्या झाडापर्यंत जायचा आणि तिथे अडकायचा. वर जाता येईना, खाली येववेना. तिथून नागपूर कोणत्या बाजूला असेल, हा विचार करत ते बसून राहायचे, आणि खालून शिकवणारे मास्तर हाका मारायचे.

मे महिन्यात एक दिवस ते असेच नारळाचं शास्त्र मनात घोकत खोलीत पडले होते, तोच खाली गलका ऐकू आला.

"सायेबाचं घर कोनतं जी? नागपूरवाल्या सायेबाचं?"

मार्तंडराव धडपडत जिना उतरले. गोदामापुढे खैरडोह उभं होतं. गोपाळराव, नानाजी, सिंधूताई, शोभाताई, आणि मागे अख्खं भजनी मंडळ. डोक्यावर वळकट्या, हातात लोणच्याच्या बरण्या. शेतं पेरणीपर्यंत मोकळी होती आणि गाव निघालं होतं.

"तुम्ही? इथं?"

"तुमी हायेच ना जी इथी," गोपाळराव म्हणाले. "ओळखीचा माणूस असला का लोकाच्या दारी काहून जाव?"

सिंधूताई मात्र पुढे येऊन खाली पाहत उभ्या राहिल्या. गावावर राज्य करणारी ती बाई पहिल्यांदाच शब्द शोधत होती. "सायेब, आमच्यापायी तुमचं घर फुटलं," त्या म्हणाल्या. "तवापासून जेवण गोड लागलं नाई. तुमाले घरी नेता येईना. मंग म्हटलं, घरालेच इथी आनू."

त्या बाजूला झाल्या. मागे उत्तराताई होत्या, प्रवासानं विस्कटलेल्या, आणि हसू न आवरणाऱ्या. आणि त्यांच्या पुढे होऊन चारूनं जिन्यातल्या बापाला सांगितलं, "बाबा, पाहुणे आले."

मार्तंडरावांना चप्पल सापडायला या वेळीही फार वेळ लागला.

संध्याकाळी सगळे समुद्रावर गेले. सिंधूताई पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या आणि ओंजळभर पाणी घेऊन त्यांनी ते चाखून पाहिलं.

"रामेश्वरचा मोठा होता," शोभाताई म्हणाल्या.

"असू दे वं," सिंधूताई म्हणाल्या. "हा माह्यावाला हाये."

मग वाळूत बसून शिदोरी सुटली. मार्तंडराव बायकोजवळ बसून भाकरी खात होते, आणि किती दिवसांनी तरी त्यांनी दुसऱ्यांदा चटणी मागितली. पण मध्येच त्यांचा घास थांबला. "तुम्ही जाल," ते म्हणाले, "आणि मी या झाडांवर वर्ष काढीन. वझलवार साहेब आहेत तोवर नारळ सुटत नाही."

"अन् सायेब गेले तं?" सिंधूताईंनी विचारलं.

"तर नवा साहेब येईल. आणि नवा साहेब आला की जुन्या साहेबाच्या सगळ्या गरजा संपतात. पण ते कशाला जातील? त्यांना कोण पाठवणार?"

सिंधूताईंनी पानाचा विडा तोंडात टाकला. "गरज ज्यानं ओळखली, त्यानं आधी शिकाव," त्या सावकाश म्हणाल्या. "हा नियम त्याहिचाच ना जी? मंग या बारीले गरज आमी तुमाले नाई सांगत. मोठ्या सायेबालेच सांगतो. फक्त लांबची पाह्यजे."

मार्तंडरावांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "मी काही सुचवणार नाही."

"मीही नाही," उत्तराताई लाटांकडे पाहत म्हणाल्या. "मी भूगोल शिकवते, म्हणून नुसती माहिती सांगते. केशर काश्मीरला पिकतं."

पावसाळा सुरू झाला आणि खैरडोहचा निरोप वझलवार साहेबांकडे गेला, की गावाच्या पोटात आणखी एक गरज आहे, पण ती लहान साहेबाला सांगण्यासारखी नाही. साहेब त्याच दिवशी जीप घेऊन धावले. देवळात सभा भरली. साहेबांनी एक शब्दही सुचवला नाही. गावानं आधी विहिरीचं पाणी आणि संत्रा सांगून घेतला, आणि मग सिंधूताईंनी पदराआडून सांगितलं, "केशर जी."

"लावून पाहिलं?" साहेबांनी अधीर होऊन विचारलं.

"पाह्यलं जी. शिऱ्यात टाकायच्या काड्या होत्या, त्या साऱ्या पेरल्या. एक बी उगवली नाई."

साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी ती गरज स्वतःच्या हातानं लिहिली, खाली स्वतःची सही केली आणि पुण्याला पाठवली. पुण्यानं नियमावर बोट ठेवलं आणि साहेबांना वर्षभरासाठी काश्मीरला धाडलं. दसऱ्याच्या आत नवे साहेब आले. त्यांना नारळात रस नव्हता. ते कोंबड्यांवरचं शिबिर करून आले होते. त्यांनी नारळाची फाईल बंद केली, आणि मार्तंडराव सायकल भिंतीला टेकवून आपल्या घरात शिरले. टोपी खुंटीवर टांगली, पाटावर बसले आणि दुसऱ्यांदा वरण मागितलं.

ते वाढत असतानाच दारात गोपाळराव उभे राहिले. हातात संत्र्यांची पिशवी होती.

"बसा," मार्तंडराव म्हणाले. "काय काम काढलं?"

"काम काई नाई जी. सिंधूताईनं निरोप देला हाये," गोपाळराव पिशवी खाली ठेवत म्हणाले. "मोठ्या सायेबाचा काश्मीरचा पत्ता पाह्यजे. अन् खोली केवढी हाये, ते जरासं विचारून ठेवजा."